मूल्यसाखळी आणि ओतशाळेची स्पर्धाशक्ती

(लघुउद्योजकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कारखान्याच्या हिशेबवहीत खर्चाची विभागणी कच्चा माल, वीज, इंधन, मजुरी, व्याज, घसारा अशा सदरांखाली केलेली असते. करआकारणीसाठी आणि बँकेसाठी ही विभागणी सोयीची आहे. परंतु शेजारचा कारखानदार तोच माल किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त देऊ लागला आणि वर्षानुवर्षांचे ग्राहक डळमळू लागले, म्हणजे या वहीचा फारसा आधार वाटत नाही. विजेवर अमुक लाख रुपये खर्च झाले एवढेच ती सांगते. त्यांपैकी किती वीज ग्राहकाच्या हाती पोहोचलेल्या मालावर खर्ची पडली आणि किती वीज वितळवून पुन्हा भट्टीतच परत आलेल्या धातूवर गेली, हे तिच्यात कोठेही सापडत नाही. हे शोधून काढण्याची एक शिस्तशीर रीत म्हणून मूल्यसाखळीच्या विश्लेषणाकडे पाहावयास हवे.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्पर्धाविषयक ग्रंथात ही कल्पना मांडली. कारखाना हा एकसंध पदार्थ नसून निरनिराळ्या कामांची साखळी आहे, असे त्यांचे प्रतिपादन. माल आत येणे व साठविणे, उत्पादन, तयार माल बाहेर जाणे, विक्री आणि विक्रीनंतरची सेवा ही पाच प्रमुख कामे; खरेदी, तंत्रविकास, माणसांची निवड व शिक्षण आणि एकंदर कारभार ही चार पूरक कामे. ग्राहक जी किंमत देण्यास राजी होतो ते मालाचे मूल्य, आणि ही सारी कामे पार पाडण्याचा खर्च वजा जाता जे उरते तो नफा. स्पर्धेत सरशी मिळविण्याचे मार्ग मूलतः दोनच : तीच कामे इतरांपेक्षा कमी खर्चात करणे, किंवा ती अशा प्रकारे करणे की ग्राहक खुशीने चार पैसे अधिक देईल. व्यवस्थापनाच्या वर्गांतून या विचाराची बाणाच्या आकाराची, नऊ खणांची आकृती शिकविली जाते. आकृती भरून झाली की विश्लेषण झाले, असा पुष्कळांचा समज होतो. तो दूर व्हावयास हवा. पोर्टर यांच्या मांडणीतील खरे मर्म खणांत नाही. एका कामाचा दुसऱ्या कामाच्या खर्चावर जो परिणाम होतो, त्या सांध्यांमध्ये ते आहे.

हे सांधे प्रत्यक्ष पाहावयाचे तर कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. ऊस गाळण्याचे चरक, तेलावर चालणारी इंजिने, पाण्याचे पंप अशा शेतीच्या गरजांतून तेथील यंत्रकारागिरी वाढली. शिवाजी उद्यमनगरातील लहान लहान शेडपासून शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींपर्यंत तिचा विस्तार झाला आणि मोटारगाड्या, ट्रॅक्टर, पंप व व्हॉल्व्ह यांना लागणारे बिडाचे नग तेथून दूरदूर जाऊ लागले. कोकणात कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसराची सिलिका वाळू घाट चढून येते, कच्चे बीड आणि भंगार बाहेरून येते, आणि त्यांतून घडलेले नग बहुधा किलोच्या दराने विकले जातात. या किलोच्या दरापाशीच बहुतेक फौंड्रीवाल्यांची अडचण सुरू होते.

ओतकामाची रीत थोडक्यात अशी. नगाच्या आकाराचा पॅटर्न करावयाचा. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात त्याचा ठसा घेऊन साचा तयार करावयाचा. नगात पोकळी हवी असेल तेथे वाळूचा कोअर बसवावयाचा. भट्टीत वितळलेला रस १४०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून साच्यात ओतावयाचा. थंड झाल्यावर साचा फोडून नग बाहेर काढावयाचा, त्याला चिकटलेले रनर व रायझर तोडावयाचे, घासून साफ करावयाचे आणि तपासून पाठवावयाचे. रनर म्हणजे रस आत नेणारी वाट. रायझर म्हणजे नग थिजताना आकसतो तेव्हा त्याला रस पुरविणारा साठा. दोन्ही आवश्यक, परंतु दोन्हींची किंमत ग्राहक देत नाही. ते तोडून पुन्हा भट्टीत टाकले जातात.

येथे हिशेबवहीची पहिली फसगत दिसते. परत आलेला हा धातू वहीत ‘फुकटचा कच्चा माल’ म्हणून वावरतो. तो फुकटचा मुळीच नाही; तो दोनदा, कधी तीनदा वितळविला गेलेला असतो. सुस्थितीतील इंडक्शन भट्टीला एक टन बीड वितळवून ओतण्यायोग्य करण्यास साधारणतः ५५० ते ६५० युनिट वीज लागते. केवळ उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. समजा, एका फौंड्रीत १०० टन रस ओतला. त्यांतील ४० टन रनर-रायझरात गेला, ६० टनांचे नग झाले. या नगांपैकी शेकडा ८ खोटीमुळे नाकारले गेले. विकला गेलेला माल ५५.२ टन. म्हणजे विकलेल्या प्रत्येक टनामागे १.८१ टन बीड वितळवावे लागले आणि टनाला ६०० युनिटप्रमाणे १,०८७ युनिट वीज लागली. आता रनर-रायझरांची रचना सुधारून १०० पैकी ६६ टन नगांत उतरला आणि नाकारलेल्या मालाचे प्रमाण शेकडा ४ वर आले, तर ६३.३६ टन माल विकला जातो आणि टनामागे ९४७ युनिट पुरतात. महिन्याला २०० टन विक्री असलेल्या कारखान्यात ही बचत २८,००० युनिटांची आहे. युनिटला आठ रुपये दर धरला तर महिन्याला २,२४,००० रुपये. ज्या व्यवसायात किलोमागे पन्नास पैशांसाठी ग्राहकाशी तास तास घासाघीस चालते, तेथे या २०० टनांवर ही रक्कम किलोमागे एक रुपया बारा पैसे होते!

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ही बचत वीजखर्चात दिसते, पण ती भट्टीवर होत नाही. ती पॅटर्नच्या टेबलावर, रनर-रायझरांची आखणी करणाऱ्याच्या हातून होते. भट्टीवरच्या कामगाराला कितीही उपदेश केला तरी तो रायझर लहान करू शकत नाही. उलट अंगानेही हेच खरे. वाळूचे मिश्रण वेळेवर आले नाही म्हणून साचे तयार होत नाहीत. साचे तयार नाहीत म्हणून वितळलेला रस भट्टीत ताटकळत राहतो आणि नुसता गरम राहण्यासाठी वीज खातो. शेवटी घाईघाईने ओतताना तो थंडावलेला असतो आणि नगाचे पातळ भाग भरत नाहीत. खोट निघते तपासणीत, तिचा खर्च चढतो विजेच्या व खोटीच्या सदरांवर, आणि मूळ कारण असते वाळूच्या मिक्सरची लांबलेली दुरुस्ती. वह्यांत या तीन गोष्टी तीन ठिकाणी लिहिल्या जातात. साखळीत त्या एकाच सांध्यावर भेटतात.

दुसरा सांधा कारखान्याच्या भिंतीपलीकडचा आहे. नगाच्या पोटातील वायूची पोकळी, म्हणजे ब्लो होल, पुष्कळदा वरून दिसत नाही. नग ट्रकमधून पुण्याला किंवा आणखी दूर जातो, ग्राहकाच्या यंत्रशाळेत त्यावर कातकाम होते, आणि वरचा थर निघाल्यावर पोकळी उघडी पडते. तोपर्यंत त्या नगावर वाळू, रस, मजुरी, सफाई, वाहतूक आणि ग्राहकाचे कातकाम इतका सारा खर्च होऊन गेलेला असतो. साच्यातच लक्षात आलेली खोट काही रुपयांत निभावते; ग्राहकाच्या दारी निघालेली खोट डेबिट नोट घेऊन परत येते. शिवाय ही बातमी फौंड्रीत पोहोचेपर्यंत दोन-तीन आठवडे गेलेले असतात. त्या दिवशी वाळूत ओल किती होती, कोअर कोणी भाजले, रसाचे तापमान काय होते, हे तोवर कोणाच्याच स्मरणात राहत नाही आणि त्याच दोषाचे शेकडो नग पुढे ओतले गेलेले असतात.

ज्या फौंड्रीवाल्यांनी स्वतःची यंत्रशाळा काढून नग कातूनच पाठविण्यास सुरुवात केली, त्यांना कातकामाचा मोबदला मिळाला हे सर्वांना दिसते. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, आज ओतलेला नग दोन-तीन दिवसांत त्यांच्याच यंत्रावर उघडा पडतो आणि दोषाचे कारण ताजे असतानाच सापडते. वाहतुकीचाही विचार करावा. वीस किलोच्या नगातून तीन किलो बीड कातून निघत असेल, तर ते तीन किलो कोल्हापूरहून पुण्यापर्यंत वाहून नेणे हा निव्वळ भुर्दंड. हाच कीस कोल्हापुरातच निघाला तर विटांसारखा दाबून तो पुन्हा भट्टीत घालता येतो.

असे असले तरी प्रत्येक फौंड्रीने उठून संगणकनियंत्रित कातयंत्रे घ्यावीत, असा याचा अर्थ नाही. यंत्रे महाग असतात, कर्जाचे हप्ते मागणीची वाट पाहत नाहीत, आणि एकाच ग्राहकाच्या एकाच नगासाठी बसविलेली यंत्रे त्या ग्राहकाने पाठ फिरविताच गळ्यातील लोढणे होतात. ज्याचे नग थोडे पण निरनिराळे आहेत, त्याने शेजारच्या यंत्रशाळेशी करार करून पहिले पाच-दहा नग लागलीच कातून पाहण्याची सोय करावी. सांध्याचा लाभ मिळविण्यासाठी सांध्याच्या दोन्ही बाजूंची मालकी असावीच लागते असे नाही.

आता किलोच्या दराकडे वळावयास हरकत नाही. कातकामासाठी नगावर जो जादा थर ठेवला जातो, तो एक मिलिमीटरने जास्त असला तर एक हजार चौरस सेंटीमीटर पृष्ठभागावर सुमारे ७२० ग्रॅम जादा बीड बसते. ग्राहकाला हे बीड विकत घ्यावे लागते, वाहून न्यावे लागते, आणि मग पैसे खर्चून कातून टाकावे लागते. फौंड्रीने चांगला पॅटर्न करून, साचा अचूक मिटवून हा थर कमी केला तर ग्राहकाचा तिहेरी फायदा होतो. परंतु दर किलोचा असल्यामुळे फौंड्रीचे बिल मात्र ७२० ग्रॅमने उतरते! सुबक काम करणाऱ्याला दंड आणि ओबडधोबड काम करणाऱ्याला बक्षीस, अशी ही उफराटी व्यवस्था आहे. वर्षानुवर्षे ती चालत आली याचे कारण, ग्राहकाच्या कारखान्यात नगाचे पुढे काय होते हे फौंड्रीवाला पाहावयास जात नाही, आणि खरेदी खात्यातील अधिकाऱ्याला किलोच्या दरांची तुलना करणे सोपे जाते.

यावर उपाय म्हणजे दर नगावर ठरविणे. पण तशी मागणी नुसती करून भागत नाही. तिच्यामागे हिशेब लागतो. आपल्या नगावर ग्राहकाच्या यंत्रावर किती मिनिटे खर्च होतात, कातण्याचे हत्यार किती नगांमागे बदलावे लागते, कठीण डाग लागून ते किती वेळा मोडते, आणि माल उशिरा आल्यामुळे जुळणीचे काम किती वेळा अडते, हे ज्याला ठाऊक आहे तोच ग्राहकाला सांगू शकतो की, किलोला दर जास्त पडला तरी तयार नग स्वस्त पडेल. ग्राहकाचीही एक मूल्यसाखळी असते, आणि स्वतःच्या साखळीचे शेवटचे टोक तिच्यात कोठे अडकते हे पाहणे हा विश्लेषणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी अपरिचित नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा लोखंडी नांगर ओतण्याइतकाच तो शेतकऱ्याच्या गळी उतरविण्याचा प्रश्न बिकट होता. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. पुढे मराठी साहित्यात मानाचे स्थान मिळविलेले हे मासिक आरंभी कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यातील दुवा म्हणून जन्मास आले, याचा विसर पडू नये. पोर्टर यांच्या भाषेत ज्याला विक्री व सेवा म्हणतात, त्या कामाकडे सांगली परिसरातील एका नांगराच्या कारखान्याने त्या ग्रंथाच्या कितीतरी आधी असे लक्ष दिले होते.

खरेदीचा विचार थोडक्यात आटोपता येईल, कारण बहुतेक उद्योजकांचे तेथे आधीच बारकाईने लक्ष असते. एवढेच सांगणे पुरे की, स्वस्त भंगार नेहमी स्वस्त पडत नाही. गंज, माती व रंग लागलेले भंगार वजनात भरते, पण भट्टीत मळी वाढविते, वेळ खाते आणि रसाची प्रत बिघडविते. वाळूचेही तसेच. विजेचा दर दिवसाच्या निरनिराळ्या वेळांना निरनिराळा असतो. कोणत्या पाळीत रस काढावयाचा हा निर्णय त्यामुळे खरेदीचाच निर्णय ठरतो, आणि तो सहसा कोणी त्या दृष्टीने घेत नाही.

पैसा येण्याचा वेग हा मात्र साखळीतील दुखरा भाग आहे. महिन्याला एक कोटी रुपयांची विक्री असलेल्या कारखान्याला बिल ४५ दिवसांऐवजी ९० दिवसांनी मिळाले, तर दीड कोटी रुपये कायमचे अडकून पडतात. शेकडा १२ दराने त्यांचे वार्षिक व्याज १८ लाख रुपये, म्हणजे विक्रीच्या शेकडा दीड होते. मोठा ग्राहक लहान पुरवठादाराच्या खर्चाने आपले भांडवल वाचवितो, असाच याचा अर्थ. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या केंद्रीय कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले असून, विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय ठरविले आहे. कायद्याचा आधार घेतला तर पुढची ऑर्डर जाईल, या धास्तीने पुष्कळ उद्योजक गप्प राहतात. ही धास्ती खोटी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ग्राहकागणिक नफा काढताना हे व्याज त्या त्या ग्राहकाच्या नावे टाकून पाहिले, तर सर्वांत मोठा वाटणारा ग्राहक कधी कधी सर्वांत कमी देणारा ठरतो, आणि मग नव्या ऑर्डरींपैकी कोणती स्वीकारावी याचा निर्णय वेगळा होतो.

विश्लेषणाची सुरुवात संपूर्ण कारखान्यापासून करू नये. आकडे गोळा करण्यातच उत्साह संपतो. सर्वाधिक विकला जाणारा एक नग निवडावा आणि पॅटर्नपासून ग्राहकाच्या यंत्रापर्यंत त्याच्याबरोबर चालत जावे. प्रत्येक पायरीवर तो किती वेळ थांबला, त्याचे वजन किती घटले, त्याला किती हात लागले, आणि त्या पायरीवर किती नग बाद झाले, एवढे चार आकडे फळ्यावर लिहावेत. वर्षानुवर्षे साचा मारणाऱ्या जुन्या मोल्डरला खोटीचे कारण बहुधा ठाऊक असते. त्याला कोणी विचारलेले नसते इतकेच. पॅटर्नची चूक पॅटर्नवाल्याला सांगण्याची त्याची प्राज्ञा नसते, कारण पॅटर्नचे काम बाहेरून होते आणि तो व्यवहार मालक स्वतः पाहतो. अशा ठिकाणी एक तासाची संयुक्त बैठक नव्या यंत्रापेक्षा अधिक काम करून जाते, आणि तिला खर्च चहाचा येतो.

काही सांधे एकट्या लहान कारखान्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. वापरलेली वाळू भाजून पुन्हा उपयोगात आणणे, रसाची रासायनिक तपासणी, रस साच्यात कसा वाहील व थिजेल याचे संगणकावरील अनुमान, ही कामे समूहाने केली तरच परवडतात. कोल्हापूरच्या उद्योजकांनी वाळूच्या बाबतीत ही वाट चोखाळली आहे. १९७८ पासून कार्यरत असलेली जिल्हा उद्योग केंद्रे आणि समूह विकासाच्या शासकीय योजना यांचा उपयोग येथे होऊ शकतो. मात्र कोणती सामाईक सोय हवी हे उद्योजकांनी आपल्या साखळ्या तपासून ठरवावे, नाही तर इमारत उभी राहते आणि यंत्रावर धूळ बसते.

या साऱ्याला एक निकड आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचा ठोकळा नसतो, सिलिंडर हेड नसते. ज्या फौंड्रीचा बहुतेक माल इंजिनात जातो, तिला पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, ब्रेकचे नग अशा दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतील. अशा वेळी भट्टीची क्षमता सर्वांकडे सारखीच असते. नवा ग्राहक पहिल्या भेटीत विचारतो ते वेगळेच : नमुन्याचा नग किती दिवसांत मिळेल, शंभरांत किती परत जातात, आणि गेल्या महिन्यात परत आलेल्या नगांचे कारण काय सापडले. ज्याच्या फळ्यावर ते चार आकडे रोज लिहिले जातात, त्याला या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी कचेरीत जावे लागत नाही.